मागच्या ट्रॉलीचं वजन

१

वाफेच्या इंजिनाला घाई खपत नाही. आधी बॉयलरचं पाणी बघायचं. काचेच्या नळीत ते अर्ध्यावर दिसलं पाहिजे, नसेल तर काडी ओढायची नाही, कुणी कितीही मागे लागो. मग डिझेलमध्ये भिजवलेल्या लाकडाच्या चिपा आत सारायच्या आणि धुराड्यावर छोटा पंखा ठेवायचा, म्हणजे आग ओढ घेते. चिपा धडधडल्या की वर कोळसा, तोही सुपारीएवढा फोडलेला. आणि मग गप बसायचं. चहा घ्यायचा, वाटलं तर दुसरा घ्यायचा. दाबाचा काटा वर सरकला की पंखा काढायचा, मग ते आपल्याच दमावर जळतं.

खेळणं म्हणालात तर मी भांडेन, आधीच सांगून ठेवतो. सात इंची रुळावर चालतं, उंचीला माझ्या कमरेलाही लागत नाही, हे कबूल. पण कोळसा खरा, वाफ खरी, आणि चार-पाच धडधाकट माणसं मागे बसवली तरी ओढून नेतं. चालवणारा इंजिनामागच्या टेंडरवर गुडघे वर करून बसतो. त्याच्या मागे बाकासारखी लांबट ट्रॉली, तिच्यावर दोन्हीकडे पाय टाकून सवारी बसते.

मला सगळे भाऊ म्हणतात. देवासच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये जन्म गेला, हात अजून काळेच आहेत. बायको अलका, शाळेत शिकवायची, तीही आता घरी. थोरली ऋजुता लग्न करून इंदूरला. धाकटी किमया आठव्या वर्षी तापानं गेली. त्याला आता बारा वर्षं झाली. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

पीपलरावां गावाच्या वाटेवर आम्ही जमिनीचा एक तुकडा घेतला होता. दोन खोल्या, एक कडुलिंब, बाकी मोकळं. रिटायर झाल्यावर माणसं तिथं पेरू लावतात. मी रूळ लावले, मोठी अंडाकृती चक्कर, लिंबाखालून जाणारी. रस्त्यावरनं जाणारे मोटरसायकल थांबवून ओरडायचे, "भिया, रेल कब चलेगी?" अलका ओट्यावर बसून पंचा डोक्याला बांधून बघत असायची. "तुमचं काही खरं नाही," म्हणायची. पण बारा वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याबरोबर घराबाहेर पडत होती. मला तेवढंच पुष्कळ होतं.

२

इंजिन धारचं. तिथले भैयासाहेब, जुन्या संस्थानातल्या अधिकाऱ्यांचं घराणं, मांडूच्या रस्त्याला बंगला. त्यांच्या काकांनी ते इंजिन कित्येक वर्षं खपून स्वतः बांधलं होतं. भैयासाहेबांचे गुडघे गेले, मुलं परदेशी, तेव्हा विकायचं ठरलं. एका ओळखीच्यानं माझं नाव त्यांना सांगितलं.

"यावे," म्हणाले. आजकाल असं कोण बोलतं! अलका हळूच माझ्याकडे बघून हसली. त्यांनी व्हरांड्यात नेऊन चादर काढली आणि मी खरं सांगतो, मी आधी पँटला हात पुसले. पितळ लखलखीत, एक रिव्हेट वेडावाकडा नाही. आयुष्यभर मशिनं बघितलेल्या माणसाला कळतं की हे कुणीतरी जीव ओतून केलंय.

त्यांनी बागेतल्या रुळावर ते पेटवून दाखवलं. दुखरे गुडघे कसेबसे मुडपून आधी एकट्यानं चालवलं, मग मला आणि अलकाला मागे बसवलं.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "मघाशी धुराड्यातून ठोके कसे पडत होते? पोकळ, हलके. आता ऐका. प्रत्येक ठोक्याला छातीतून जोर येतोय. ही गाडी ओझं लपवत नाही. मागे काय आहे ते बघायला वळायचं नाही, नजर रुळावर आणि पाण्याच्या नळीवर. मागचं हीच सांगते."

टेंडरवर बसून कुणी मान वळवली की तोल जातो आणि गाडी रुळावरून घसरते, त्यांच्या काकांनी एकदा त्यात मनगट मोडून घेतलं होतं. मी मान हलवली. मला हे नवीन नव्हतं. लेथवर बसणारासुद्धा कानानंच काम करतो.

निघताना भैयासाहेब फाटकापर्यंत आले, काठी टेकत. इंजिन टेम्पोत चढवताना मात्र ते आत निघून गेले. अलका म्हणाली, "बघवलं नसेल त्यांना."

३

पहिल्या दिवशी मला ओझं हवं होतं. रिकामी ट्रॉली ओढून इंजिनाची परीक्षा होत नाही. आग नीट ओढ घेत नाही, ठोके कळत नाहीत. अलकाला म्हटलं बस, तर म्हणे, "आधी चालतंय तरी का बघा, मग बसते."

"मग एखादं पोतं तरी दे गं."

ती खोलीच्या दारात उभी राहिली. आत पोतं एकच होतं आणि ते कशाचं आहे हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

किमया तापानं फणफणली होती तेव्हा अलका टेकडीवर देवीला बोलून आली होती: पोर बरी झाली की तिची गव्हाची तुला करीन. ताप जरा उतरला त्या दिवशी आम्ही तिला मंडीत ओळखीच्या दुकानात नेलं आणि मोठ्या तराजूत बसवलं. एका पारड्यात ती, पाय वर घेऊन खिदळणारी, दुसऱ्यात गहू. काटा बरोबर आल्यावर तो गहू पोत्यात बांधून घरी आणला. वाहायचा होता ती पूर्ण बरी झाल्यावर. ताप दोन दिवसांनी परत चढला आणि तो काही उतरला नाही.

लोक म्हणाले, गहू देऊन टाका. अलकानं ऐकलं नाही. "बरी झाली की देईन म्हटलं होतं. बरी कुठे झाली?" दर चैत्रात ती जुन्या गव्हासमोर नवा गहू तोलायची, नवा पोत्यात भरायची, जुना पाखरांना टाकायची. बारा चैत्र. पोतं तेवढंच राहिलं. घरात डोळ्यांसमोर नको म्हणून मी ते या खोलीत आणून ठेवलं होतं.

"घ्या," ती म्हणाली. "तेवढीच तिची एक चक्कर होऊ दे."

डोकं फिरलंय का तुझं, असं तोंडावर आलं होतं. पण तिनं पोत्याला दोन्ही हात घातले होते, झोपलेलं पोर उचलावं तसे. माझ्यानं बोलवलं नाही. आम्ही दोघांनी ते ट्रॉलीवर ठेवलं, दोरीनं बांधलं. मी वाफ सोडायचा रेग्युलेटर हळू उघडला. इंजिन हललं, आणि काय सांगू, ठोके असे गोल आणि भरीव पडायला लागले की मला रडूच आलं. लिंबाखालून जाताना अलका ओट्यावरून हात हलवत होती. मला की पोत्याला, कोण जाणे.

त्या दिवशी आम्ही डाळ-बाफले केले आणि दोघांनी पोटभर खाल्लं.

४

पुढच्या रविवारी पोतं खोलीतच होतं. मी एकटा चालवत होतो, अलका आत पोहे करत होती. अर्धी चक्कर झाली असेल. मला एकदम जाणवलं की ठोके भरीव पडतायत.

पोकळ नाही. भरीव. मागच्या रविवारी पडले होते अगदी तसेच.

मी काही भूत-बीत मानणारा माणूस नाही. पहिला विचार आला तो ब्रेकचा. थांबलो, बघितलं, ब्रेकचा ठोकळा चाकाला लागत नव्हता. ट्रॉली सोडवून बोटानं ढकलली तर भरकन निघून गेली, बेअरिंग लोण्यासारखं. रूळ कुठे खचलाय का म्हणून लेव्हल लावून सगळी चक्कर रांगत बघितली. गुडघे सोलले, खोट सापडली नाही. कोळसा ओला असेल म्हणावं तर तो ओट्यावर उन्हात वाळलेला. सिलिंडरची तपासणी केली, व्हॉल्व्हची केली. अलका म्हणाली, "पोहे गार झाले." मी म्हटलं, "होऊ दे."

परत ट्रॉली जोडली, परत निघालो. परत तेच. चढावर इंजिन जोर लावत होतं. मागे वळायचं नाही असा नियम होता म्हणून नाही, मला मान वळवायचीच नव्हती. थांबायच्या जागी आलो, रेग्युलेटर बंद केला, आणि मागून एक आवाज आला. ट्रॉलीच्या स्प्रिंगा दबलेल्या होत्या त्या वर आल्या. एकदम. सवारी उडी मारून उतरली की येतात तशा.

मी बराच वेळ नुसता काटा खाली येताना बघत बसलो.

रात्री घरून धारला फोन लावला. म्हटलं, रिकामी असताना जड चालते असं तुमच्याकडे कधी झालं होतं का?

"छे हो," भैयासाहेब म्हणाले. मग म्हणाले, "आपण मागे काय बसवलंत?"

मी इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला.

५

मला वाटलं होतं हे अलकापासून लपवावं. कसलं काय! दोन रविवार गेले आणि ती ओट्यावर पोह्यांच्या तीन ताटल्या घेऊन आली.

"हे कशाला?"

"तुम्हाला आत्ता कळलं का?" ती म्हणाली. "मला त्या पहिल्याच दिवशी दुसऱ्या चकरेला दिसलं. तुम्ही पुढे बघत असता. मी ओट्यावर असते. तुम्ही निघायच्या आधी स्प्रिंगा दबतात."

तिचा चेहरा असा उजळला होता की माझं भान हरपलं. बाईला बारा वर्षांत मी असं बघितलं नव्हतं. तर्क, बेअरिंग, सगळं गेलं खड्ड्यात. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघं म्हातारी माणसं ओट्यावर बसून हमसून रडलो. सुखानं, हे विशेष.

त्या संध्याकाळी तिनं पोतं उसवलं आणि गहू लिंबाखाली पाखरांना टाकला. "आता याची गरज नाही," म्हणाली.

मग काही महिने फार छान गेले. मी खोटं सांगणार नाही. शनिवारपासूनच आम्हाला डोळ्यांपुढे रविवार दिसायचा. अलका पहाटे उठून शेव-पोहे बांधायची, तिकडे मी इंजिन पुसायचो. चालवताना मी मोठ्यानं बोलायचो, लिंब आला गं, वळण आलं, धर घट्ट. उत्तर यायचं नाही. पण ठोके यायचे.

आणि ठोके जड होत चालले होते. रोज नाही, पण पावसाळ्यानंतर दिवाळीला, दिवाळीनंतर संक्रांतीला, फरक कानाला कळायचा. आठ वर्षांची पोर नव्हती आता मागे. मी अलकाला सांगितलं तेव्हा तिनं टाळीच वाजवली.

"वाढतेय हो! पोत्यात कुठे वाढत होती बिचारी?"

तिनं रिबिनी आणल्या होत्या त्या ठेवून दिल्या आणि एक ओढणी आणली. मी म्हटलं, कुणाच्या अंगाला लावणार? ती म्हणाली, "तुम्ही गाडी हाका."

६

ऋजुता इंदूरहून आली ती एका रविवारी थेट जमिनीवरच. तिला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. गाडीतून उतरली आणि आईकडे बघून जागच्या जागी थांबली.

"आई, हे काय झालंय तुला?"

मी रोज बघत होतो म्हणून मला दिसलं नव्हतं, किंवा बघायचं नव्हतं. अलकाच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या. ब्लाऊज दोनदा आत घेतलेलं. गालाची हाडं वर आलेली. ती हसत होती, डोळे चमकत होते, आणि अंगावर मात्र काही उरलं नव्हतं.

"डायटिंग करते तुझी आई," मी म्हटलं. ऋजुतानं माझ्याकडे असं बघितलं की मी इंजिन पुसायला लागलो.

"आणि बाबा, ती ट्रॉली बिघडलीय का? रिकामी आहे तरी केवढी दबलीय."

डॉक्टर झाले. रक्त तपासलं, पोट तपासलं, त्या मोठ्या मशिनात घातलं. सगळं चोख. खातेय व्यवस्थित, झोपतेय व्यवस्थित, वजन मात्र उतरतंय. डॉक्टरनं विचारलं, काही दुःख आहे का? अलका म्हणाली, "उलट मी फार सुखात आहे."

मला ते गाडीतून परत येताना कळलं. देवासच्या बायपासला, ट्रकच्या मागे अडकलो असताना. अलका शेजारी खिडकीला टेकून झोपली होती, पट्टा तिच्या अंगावर सैल लोंबत होता. तराजूत एक पारडं खाली जात असेल तर दुसरं वर जाणारच, हे शेंबडं पोर सांगेल. एवढी वर्षं पोर एका पारड्यात आणि गहू दुसऱ्यात होता. तो गहू आम्ही पाखरांना टाकला. मग आता दुसऱ्या पारड्यात कोण बसलंय?

घरी गेल्यावर मी तिला सांगितलं. आडवळण न घेता.

"अलका, ती वाढतेय ती तुझ्यातनं. मी आता इंजिन पेटवणार नाही."

मला वाटलं ती घाबरेल. ती शांतपणे भाजी निवडत राहिली.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आईकडूनच घेतं ना पोर? आधीही माझ्यातनंच झाली होती."

"आणि तू संपलीस म्हणजे?"

"तोवर ती बावीस-तेवीसची होईल." ती जुडीतली पिवळी पानं बाजूला काढत होती. "तुम्ही नाही म्हणू नका हो. मी एकदा तिला पाठवलंय. परत नाही पाठवणार."

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. एका बाजूला पोर, एका बाजूला बायको, आणि मी म्हणे न्याय करायचा! पण मी ठरवलं. मेलेल्यासाठी जिवंत माणूस देणार नाही.

७

बदनावरचा एक सोयाबीनचा व्यापारी इंजिन घ्यायला तयार होता. "भाऊ, मेरे गार्डन में लगवा दो, बच्चे खेलेंगे," म्हणाला. त्याची बाग बघायला म्हणून मी गेलो आणि दुपार कलायच्या आत परतलो. घराला कुलूप होतं. स्कूटी नव्हती. मी तसाच पीपलरावां गावाच्या वाटेला लागलो.

फाटकाच्या बरंच अलीकडे ऐकू आलं. ठोके. इतके जड, इतके संथ की दोन ठोक्यांच्या मध्ये माणसाचा श्वास कोंडावा.

वर्षभर ती ओट्यावर बसून माझं सगळं बघत होती. पाणी, चिपा, पंखा, कोळसा. शिक्षिका ती, एकदा बघितलं की विसरत नाही.

टेंडरवर अलका होती, पदर खोचलेला, नजर रुळावर. गाडी माझ्यासमोरून गेली. टेंडरच्या स्प्रिंगा ताठ होत्या, वर कुणी बसलेलंच नसावं तशा. मागची ट्रॉली रिकामी होती आणि रुळाला टेकेल इतकी दबली होती.

"अलका, थांबव!"

"आजच्या दिवस," ती पुढे बघतच ओरडली. आवाज कागदासारखा पातळ. "आज फार छान चालतेय हो."

पुढे उडी मारून अडवावं तर टेंडर उलटलं असतं, बॉयलर तिच्या अंगावर. थांबवलं असतं तरी पुढच्या रविवारी तिनं पुन्हा पेटवलं असतं. मी विकलं असतं तर तिनं धारला जाऊन भैयासाहेबांकडून दुसऱ्या इंजिनाचा पत्ता मिळवला असता. मी ओळखतो तिला. तिचा हात रेग्युलेटरवर होता आणि त्या हातातून मला पितळ दिसल्यासारखं वाटलं, उन्हामुळे असेल.

गाडी दुसऱ्यांदा आली तेव्हा मी तिच्याबरोबर चार पावलं धावलो आणि ट्रॉलीच्या अगदी शेवटच्या टोकावर पाय टाकून बसलो.

माझ्यापुढे काही नव्हतं. ट्रॉलीचं लाल रेक्झिन होतं, त्यावर पडलेली कोळशाची कणी होती. पण मला गुडघे मिटवता येत नव्हते. मध्ये काहीतरी होतं. धुराच्या वासात ओल्या केसांचा वास होता.

मी खाली बघितलं. ऊन तिरपं झालं होतं आणि आमच्या सावल्या गवतावरून आमच्याबरोबर पळत होत्या. पुढे अलकाची, अगदी फिकी. मागे माझी. आणि त्या दोन्हींच्या मध्ये आणखी एक, गडद, पाठीवर वेणी रुळणारी.

"आईचं पुरे," मी त्या सावलीला म्हटलं. "आता माझ्यातलं घे. बापाचं पण लागतंच ना? घे. तिला सोड."

लिंबाच्या वळणावर माझ्या पायांतून थंडी वर चढत गेली. पुढे टेंडरच्या स्प्रिंगा हळूहळू खाली बसल्या. अलकाची सावली गवतावर काळी झाली.

८

व्यापाऱ्याला मी नाही सांगितलं. आता रविवारी अलका चालवते आणि मी मागे बसतो. तिचं अंग भरलंय, बांगड्या जागेवर आहेत. ऋजुता खूश आहे, पण फोनवर मला विचारते, "बाबा, तुम्ही का एवढे वाळलात? आईची लागण झाली का?" मी म्हणतो, म्हातारपण गं. पँट कमरेला राहत नाही, दोरी बांधतो. टूलरूममधले जुने सोबती भेटले तर ओळखत नाहीत. त्याचं मला वाईट वाटत नाही, माझा हिशेब मी स्वतः मांडलाय.

वाईट वाटतं ते वेगळंच.

अलकाला मागे बघता येत नाही. चालवणाऱ्यानं वळायचं नाही, आणि गाडी थांबली की ट्रॉलीवर कुणी उरत नाही. म्हणजे बघणारा मी एकटाच. आणि मी गवताकडे बघतो. मधली सावली आता माझ्याहून उंच झालीय. आमच्या दोघांच्या घराण्यांत एवढं उंच कुणी नाही. वेणी आहे, पण ती फार लांब आहे, ट्रॉलीच्या खाली रुळापर्यंत जाते. खांदे पोरीचे म्हणावे असे नाहीत. मी मनाला समजावतो की तिरप्या उन्हात सावली लांबतेच, हे शाळेत शिकवतात. मग दुपारी बाराला चालवून बघितलं. तेव्हाही ती तेवढीच होती.

मागच्या रविवारी त्या सावलीनं मान वळवली. माझ्याकडे. माझ्या अगदी जवळ काहीतरी थांबलं, श्वास नव्हता, नुसता गारवा होता. मी मान वर केली असती तर दिसलं असतं. मी केली नाही. त्या तोंडावर किमयाचं काहीच नसलं तर? मग मी उतरून अलकाला काय सांगणार होतो? की आधी तू नि आता मी अंगातलं सगळं काढून दिलं ते कुणाला दिलं हे मला माहीत नाही?

पुढून अलका ओरडली. दर रविवारी ओरडते, त्याच जागी, वळण सरळ झालं की.

"अहो, कशी दिसते हो आता?"

मी डोळे गच्च मिटून घेतले.

"तुझ्यासारखी," मी म्हटलं. "अगदी तुझ्यासारखी."